नांदेड ते अमृतसर : ‘लई लांब’ म्हणजे किती?



२०१८ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. अहमदपूर तालुक्यातल्या एका गटाची महिन्याची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत उतरले, आणि उठायच्या वेळेला एक मावशी म्हणाल्या, “ताई, ते अमृतसर का काय म्हणतेत, ते किती लांब हाय वो?”

मावशींचा जावई फौजेत. त्याची बदली अमृतसरला झालेली आणि लेक त्याच्याजवळ. पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणं लेकीनं माहेरी यायचं, पण डॉक्टरांनी तिला एवढा प्रवास नको म्हणून सांगितलेलं. म्हणजे आईनंच जायला पाहिजे. घरात विषय काढला तर नवरा, थोरला मुलगा, दीर, सगळ्यांचं एकच उत्तर : “लई लांब हाय.” मावशी पंढरपूरच्या पलीकडं कधी गेलेल्या नव्हत्या. त्याही म्हणाल्या, “लांब तर असंल. पण किती, ते कुणीच सांगंना.”

खरं आहे. ‘लांब’ हा शब्द आपण बायांनी जन्मभर ऐकलेला असतो. शाळा लांब, दवाखाना लांब, कॉलेज लांब, नोकरी लांब. हा शब्द आला की बोलणं संपतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीला याचा हिशोब घेऊन येते. हिशोब करायला बसले आणि त्यातून आपल्या भागाचा सातशे वर्षांचा इतिहास निघाला. तोच आज तुम्हाला सांगते.

आधी नकाशा बघू. शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. शिवणाचा दोरा घ्या. एक टोक नांदेडवर ठेवा, दुसरं अमृतसरवर, आणि ताणून धरा. अमृतसर बरोबर आपल्या वरच्या बाजूला, उत्तरेला आहे, जरासं पश्चिमेकडं कललेलं. नकाशाच्या कोपऱ्यात किती सेंटिमीटरला किती किलोमीटर ते लिहिलेलं असतं. त्या मापानं दोरा मोजला की अंतर येतं सुमारे १,४०० किलोमीटर. हे झालं सरळ अंतर. विमान साधारण असंच जातं, कारण त्याला ना डोंगर आडवा येतो, ना नदी.

रेल्वेला मात्र रुळावरूनच जावं लागतं. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आधी परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत मनमाडला जाते. म्हणजे उत्तरेला जायचं असून आधी पश्चिमेकडं चालते. मनमाडला वळून भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर आणि मग अमृतसर. हे अंतर होतं सुमारे २,०८० किलोमीटर. सरळ दोऱ्यापेक्षा साडेसहाशे किलोमीटर जास्त. गाडीला लागतात साधारण ३५ तास, म्हणजे दोन दिवस आणि मधली एक रात्र.

आता ही रेल्वेही नव्हती तेव्हाचं बघू.

पायी चालायचं माप आपल्याला वारीनं दिलेलं आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि पालखीला लागतात तीन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे दिवसाला बारा किलोमीटर. नांदेड ते अमृतसर रस्त्यानं १,८०० किलोमीटर धरले, तर पालखीच्या चालीनं १५० दिवस होतात. पाच महिने, तेही एक दिवस न थांबता. वाटेत तापी, नर्मदा, चंबळ, यमुना, सतलज एवढ्या नद्या, आणि पूल नाहीत.

या वाटेनं आपल्याकडचा एक माणूस गेला होता. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे ज्यांचं जन्मगाव मानलं जातं, ते संत नामदेव. १२७० साली जन्मलेले, शिंपी घरातले. ते पंजाबात गेले आणि बरीच वर्षं राहिले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव त्यांच्या नावानं ओळखलं जातं. अमृतसरहून ते साधारण ५० किलोमीटरवर आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं, ते याच नात्यानं. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत.

नामदेवांच्या घरात जनाबाई होती. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. लहानपणीच ती गोदाकाठ सोडून पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला आली. नामदेव कुठं कुठं फिरले हे आपल्याला ठाऊक आहे. जनाबाईचं आपल्याला ठाऊक आहे ते जातं, शेण्या, पाणी, झाडलोट. तिची गावं मोजली तर दोनच भरतात. तेव्हाही पाय सगळ्यांनाच होते, वाट मात्र सगळ्यांना नव्हती.

पण याच वाटेनं उलट्या बाजूनं, पंजाबातून आपल्याकडं, बाया आल्या होत्या. हे मला हिशोब करताना कळलं आणि फार आनंद झाला.

गुरु गोविंदसिंगांनी १७०६ च्या अखेरीस पंजाब सोडला. त्यांना औरंगजेबाला भेटायचं होतं, तो दख्खनेत होता. वाटेत असतानाच बातमी आली की औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. ते १७०७ साल. पुढं त्याचा मुलगा बहादूरशहा गादीवर आला आणि आपल्या भावाचं बंड मोडायला दक्षिणेकडं निघाला. गुरूही बरोबर होते. आग्रा, राजस्थान, बऱ्हाणपूर असं करत १७०८ साली ते नांदेडला गोदावरीच्या काठी पोचले. मुक्काम, पाऊस, राजकारण सगळं धरून ही वाट जवळजवळ दोन वर्षांची झाली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडलाच त्यांचं देहावसान झालं. त्याआधी त्यांनी सांगितलं, यापुढं माणूस गुरु नाही, ग्रंथ हाच गुरु.

जरा थांबून विचार करा. ज्या ग्रंथाला नांदेडला गुरूची गादी मिळाली, त्यात नामदेवांची पदं होती. नरसीहून नांदेड सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे आपल्याकडून गेलेला शब्द पंजाब फिरून साडेतीनशे-चारशे वर्षांनी पुन्हा गोदाकाठी आला.

गुरूंच्या बरोबर नांदेडपर्यंत माता साहिब कौर आल्या होत्या. नांदेडजवळ मुगटला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. अखेरच्या दिवसांआधी गुरूंनी त्यांना दिल्लीला परत पाठवलं. म्हणजे त्या बाईनं ही वाट येताना एकदा आणि दिल्लीपर्यंत जाताना पुन्हा एकदा तुडवली.

दुसरी बाई म्हणजे माई भागो. ती अमृतसरजवळच्या झबाल गावची. १७०५ च्या सुमाराला गुरूंना सोडून घरी परतलेल्या चाळीस शिखांना तिनं खडसावलं, परत फिरवलं आणि खिदराणा इथल्या लढाईत त्यांच्या पुढं राहून लढली. त्या गावाला आता मुक्तसर म्हणतात. चाळीसही जण तिथं पडले, माई भागो वाचली. पुढं ती गुरूंच्या पहाऱ्यात राहिली आणि त्यांच्याबरोबर नांदेडला आली. हजूर साहिबच्या आवारात आजही तिच्या नावाची जागा आहे, बुंगा माई भागो. गुरूंच्या पश्चात ती पंजाबला परतली नाही, बीदरजवळ जनवाडा इथं जाऊन राहिली. आपल्या उदगीरहून बीदर काही लांब नाही. म्हणजे अमृतसरकडची ही बाई शेवटी लातूर जिल्ह्याची शेजारीण झाली.

मी हे गटात सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “तीनशे वर्सांमागं ती घोड्यावर आली, आन् मला रेल्वेनं जाऊ देईनात व्हय?” सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर बैठक जरा वेळ गप्प होती.

आता रेल्वे आपल्याकडं कशी आली ते बघू, म्हणजे लातूरकरांना ‘लांब’ का वाटतं तेही कळेल.

नांदेड आणि लातूर दोन्ही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९०० च्या सुमाराला मनमाड ते सिकंदराबाद असा गोदावरी खोऱ्यातला रेल्वेमार्ग झाला आणि नांदेडला गाडी आली. पण हा रूळ होता मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीचा. मनमाडच्या पुढं उत्तरेला जाणारा रूळ त्याहून रुंद. रूळ बदलला की गाडी बदलायची. पेटी, वळकटी, कडेवर लेकरू घेऊन एका गाडीतून उतरायचं, दुसरीची वाट बघत बसायचं.

लातूरला रेल्वे आली १९११ साली, पण ती बार्शी लाइट रेल्वे. तिचा रूळ फक्त अडीच फुटांचा. कुर्डुवाडीला गेलं की मोठ्या गाडीत बसायचं. जुन्या बाया अजून या छोट्या गाडीच्या आठवणी सांगतात. म्हणजे आपल्या दोन शेजारच्या जिल्ह्यांत दोन रुंदीचे रूळ, आणि देशाच्या मोठ्या मार्गाचा तिसराच. अंतर तेवढंच, पण प्रत्येक रूळ बदलताना तास वाढायचे.

नांदेडचा मार्ग रुंद झाला तो १९९० च्या दशकात, तेव्हा अमृतसरला थेट गाडी जाऊ शकली. लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद व्हायला २००७-०८ उजाडलं. तो रुंद झाला म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ शकली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आलं. लातूर शहरातल्या बायांना ते दिवस सांगायला नकोत. तेव्हा कुणी ‘मिरज लांब आहे’ म्हणून गप्प बसलं नाही. नड मोठी होती, सरकारनं मनावर घेतलं, आणि लांबचं पाणी दारात आलं.

आता विमानाकडं येऊ.

२००८ साली गुरूंच्या त्या घटनेला तीनशे वर्षं झाली. जगभरातून शीख भाविक येणार म्हणून नांदेडचे रस्ते, पूल, घाट झाले आणि विमानतळाचंही रूप बदललं. त्याला श्री गुरु गोविंदसिंगजी विमानतळ असं नाव आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या उडान योजनेतली पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होतं. आणि डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाचं नांदेड-अमृतसर थेट विमान सुरू झालं.

विमान वर गेल्यावर तासाला आठशे किलोमीटरच्या आसपास पळतं. १,४०० किलोमीटरला पावणेदोन तास. वर चढायला आणि खाली उतरायला वेळ हळू जातो, तो धरून सव्वादोन ते अडीच तास. नामदेवांच्या काळचे पाच महिने, गुरूंची दोन वर्षं, रेल्वेचे ३५ तास, आणि त्या थेट विमानाचे अडीच तास.

पण मावशींचा हिशोब इथं संपला नाही. त्यांच्या वाडीतून फाट्यापर्यंत चालत, फाट्यावरून जीपनं अहमदपूर, तिथून एस.टी.नं नांदेड. वाट बघण्यासकट तीन तास. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. तिकडं उतरून लेकीच्या घरापर्यंत तासभर. म्हणजे आकाशात अडीच तास आणि जमिनीवर सहा. १,४०० किलोमीटर विमानात जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ आपल्याच दोन जिल्ह्यांत जातो. लातूरला विमानतळ १९९१ सालीच बांधलेला आहे, पण प्रवाशांचं नेहमीचं विमान तिथं टिकलं नाही.

आणि पैसे? उडान योजनेत तासाभराच्या प्रवासाचा ठरलेला दर होता २,५०० रुपये. त्या काळी रोजगार हमीची मजुरी दिवसाला दोनशे रुपयांच्या आसपास. म्हणजे एका तासासाठी बारा दिवसांची मजुरी. अमृतसर तर हैदराबादच्या जवळजवळ सहापट लांब. विमानानं मावशींचा दीड दिवस वाचला असता, पण तो दीड दिवस विकत घ्यायला कित्येक आठवडे खुरपावं लागलं असतं. म्हणून मी म्हणते, विमान आलं म्हणजे अंतर सगळ्यांचं सारखं कमी होत नाही. ज्याच्याकडं पैसा, त्याचं आधी कमी होतं.

विमानाचा भरवसाही पुरता नसतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, विमानं थांबली, रेल्वे थांबली. पंजाबातून दर्शनाला आलेले हजारो भाविक नांदेडला अडकले. महिनाभरानं, एप्रिलच्या अखेरीला, बसगाड्यांनी त्यांना परत नेलं. जे अंतर अडीच तासांचं झालं होतं ते एका रात्रीत पुन्हा दिवसांचं झालं.

तर मावशींचं काय झालं? आम्ही वहीत दोन रकाने पाडले. एकात विमान, दुसऱ्यात रेल्वे. वेळ, पैसे, सोबत, सगळं लिहिलं. रेल्वे ठरली. मग मी विचारलं, “आता अडलं कुठं?” मावशी म्हणाल्या, “म्हशीचं कोण बघंल? ह्यांच्या भाकरीचं कोण बघंल?”

बघा, खरं अंतर इथं निघालं. ते नकाशावर कुठंच नव्हतं. घरच्यांना अमृतसर लांब वाटत नव्हतं. बाई दोन महिने घरात नसणार, हे लांब वाटत होतं.

त्या बैठकीत गटानं तीन गोष्टी केल्या. मावशींना छोटं कर्ज मंजूर केलं. दोघींनी म्हशीची धार आणि वैरण वाटून घेतली, दुधाचा हिशोब लिहून ठेवायचं ठरलं. आणि एका म्हाताऱ्या सदस्य आजींनी मावशींच्या नवऱ्याला स्वतः जाऊन सांगितलं, “भाकरी थापायला शिक बाबा, नातू व्हायलाय.” सोबतीला भाचा निघाला.

आदल्या संध्याकाळी दोघं नांदेडला आले, गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिले, लंगरमध्ये जेवले, आणि सकाळी सचखंड एक्सप्रेसमध्ये बसले. या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख बांधव प्रवाशांना लंगर देतात. ताटली-वाटी आपली असली की झालं. मावशींनी बांधून नेलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशीपर्यंत तशाच राहिल्या.

नातू नाही, नात झाली. मावशी अडीच महिन्यांनी परत आल्या. बैठकीत त्यांना पहिला प्रश्न विचारला तो लांब वाटलं का हाच. त्या म्हणाल्या, “फाट्यापस्तोर लई लांब वाटलं. पुढं काय नाही. तिथल्या बाया इचारायच्या कुठून आलात, मी नांदेडकडून म्हटलं की हजूर साहिब म्हणून हात जोडायच्या.”

म्हैस बरी होती. नवऱ्याला भाकरी गोल जमत नव्हती, पण भाजता येत होती.

मैत्रिणींनो, मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे. माझ्या मते मराठवाड्यातल्या बायांचं अंतर विमानापेक्षा या अर्ध्या तिकिटानं जास्त कमी केलं आहे. पण तिकीट स्वस्त झालं म्हणून बाई आपोआप घराबाहेर पडत नाही. तिच्यामागं घर सांभाळणारं कुणी लागतं. ते काम आपण एकमेकींचं करू शकतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या गटात कुणाची लेक कॉलेजला, नर्सिंगला, भरतीला जायची म्हणते आणि घरचे म्हणतात ‘लई लांब हाय’, तर वाद घालू नका. वही काढा आणि चार ओळी लिहा. किती किलोमीटर? किती तास? किती रुपये? आणि ती नसताना घरचं कोणतं काम कोण करणार? पहिल्या तीन ओळी नकाशा, वेळापत्रक आणि तिकीट खिडकी भरून देतील. चौथी ओळ गटानं भरायची.

येते मी. नमस्कार.